त्र्याण्णवची चादर

धुळे, ता. १ ऑगस्ट १९३६

मद्रासहून पत्र आले. चार ओळींचे. आपण पाठविलेला सिद्धान्त बरोबर आहे, परंतु तो एका फ्रेंच गृहस्थाने शंभर वर्षांपूर्वीच सिद्ध केला असल्याने आमच्या नियतकालिकात छापता येत नाही, कळावे. सोबत माझे अठरा कागद परत. वरच्या कागदावर कुणाच्या तरी चहाच्या पेल्याचे गोल वर्तुळ.

चार वर्षे गेली या कागदांत.

मी कोण, तर चुडामण रुपचंद पाटील, वय एक्कावन्न, मूळ भडगावकडचा, सव्वीस वर्षे हायस्कुलात अंकगणित शिकवतो. स्वतःच्याच वहीत हे लिहिणे हास्यास्पद आहे. पण आज स्वतःची ओळख स्वतःला करून द्यावीशी वाटली.

आणि काय शोधले होते तेही लिहून ठेवतो, नाहीतर पुढे तेवढेही आठवायचे नाही. आपण दहाच्या पायावर मोजतो, कारण बोटे दहा. दोनच्या पायावर मोजले तर अंक दोनच, शून्य आणि एक. स्थानांची किंमत दहापट न वाढता दुप्पट होत जाते: एक, दोन, चार, आठ, सोळा. त्यात त्र्याण्णव लिहिला की १०१११०१ होतो. उजवीकडून वाचा, डावीकडून वाचा, तोच. आधी एवढ्यावरच भुललो. मग डावीकडे तीन शून्ये देऊन दहा स्थाने पुरी केली, ०००१०१११०१, आणि त्याला दोनापासून दहापर्यंत गुणत गेलो. दर गुणाकारात तेच दहा अंक, त्याच क्रमाने, फक्त फिरलेले. माळेतले मणी सरकवावेत तसे. शिवाय पहिले पाच अंक ०००१० आणि पुढचे पाच १११०१. जिथे शून्य होते तिथे एक, जिथे एक होता तिथे शून्य. असे इतर संख्यांतही होते आणि का होते, ते मी सिद्ध केले.

म्हणजे शंभर वर्षांपूर्वी ते झालेले होते.

बायकोने, कमलने विचारले, "काय उनं टपालमा?"

म्हटले, काही नाही.

ता. ७ ऑगस्ट

हेडमास्तरांनी मॅट्रिकचा वर्ग माझ्याकडून काढून नव्या बी. एस्सी. झालेल्या मास्तरांना दिला. मला खालचे दोन वर्ग आणि पाढे. "तुमच्या प्रकृतीला जरा आराम," म्हणाले. प्रकृतीला काही झालेले नाही. फक्त संध्याकाळी जिना चढताना मधल्या पायरीवर थांबावेसे वाटते, आणि का चढायचा ते क्षणभर सुचत नाही.

ता. १६ ऑगस्ट, रविवार

आज रहिमाबीचा चाळिसावा. ही आमच्या परसाला लागून राहणाऱ्या नासीरभाई विणकराची बायको. आषाढात तीन दिवसांच्या तापाने गेली. चाळीस वर्षे दोघांनी एका मागावर काम केले. तो मागाच्या खड्ड्यात बसून विणायचा, ती समोर पाटावर बसून सारखी काहीतरी बोलत असायची. आमच्या परसात ऐकू यायचे. कमल म्हणायची, या बाईचे तोंड दुखत नाही का.

मी भेटायला गेलो. नासीरभाई अंगणात बाजेवर बसला होता. चांगले ऊन पडले होते, मी दोन हातांच्या अंतरावर उभा, तरी मान वर करून म्हणाला, "कोन?"

"मी, चुडामण मास्तर."

"बैठो मास्तर, बैठो." आणि बाजेवर हात फिरवून माझ्यासाठी जागा केली.

दुःखाने माणूस असा हरवतो. मुलगा गनी जळगावहून आला होता, तिथे गिरणीत कामाला आहे. बापाला घेऊन जायचे म्हणतो. नासीरभाई म्हणाला, "गिरणीच्या चाळीतल्या खोलीत माझा माग मावेल का रे? मग मी कुठं मावणार?"

ता. २९ ऑगस्ट

जळगावच्या मोतीलाल व्यापाऱ्याने नासीरभाईची चादर परत पाठवली. मी पाहिली. नासीरभाईच्या चादरी पांढऱ्या असतात, दोन्ही टोकांना वीतभर लाल नक्षी. नक्षीपुरते ताण्याचे, म्हणजे उभे, धागे बोटांनी उचलावे लागतात. उचललेल्या धाग्याखालून लाल सूत जाते, तिथे वर पांढरे दिसते. न उचललेल्यावरून जाते, तिथे लाल. पाठीमागे अर्थातच सगळे उलट. या चादरीत एका टोकाची नक्षी सुलट बाजूला आणि दुसऱ्या टोकाची उलट बाजूला आली आहे. दुसरे टोक सुरू करताना बाजूच चुकली.

"चाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं," तो म्हणाला. "रहिमा समोर असायची. ती सांगायची."

एकटेपणात हात चुकतो. मी समजूत घातली, मन रमले की सगळे पूर्ववत होईल. तो चादरीवरून नुसता अंगठा फिरवत राहिला.

ता. ६ सप्टेंबर, रविवार

ते अठरा कागद बंबात घालायचे ठरवून परसात नेले. घालण्याआधी एकदा वाचावेत म्हणून दगडावर बसलो. मला मोठ्याने वाचायची खोड आहे. भिंतीपलीकडून नासीरभाईचा आवाज आला, "मास्तर, हे काय म्हणता रोज? शून्य शून्य शून्य एक?"

मी म्हटले, गणित आहे, मेलेले.

"शून्य म्हणजे काय?"

"काही नाही."

"आणि एक म्हणजे?"

"आहे."

मग म्हणाला, "म्हणजे धागा खाली आणि धागा वर. तेच ना?"

मी भिंतीपाशी गेलो. तो पलीकडे उभा होता, मान तिरकी करून, माझ्याकडे न बघता. म्हणाला, "दोनच गोष्टी असतील तर ध्यानात राहतात. पुन्हा सांगा."

सांगितले. खाली, खाली, खाली, वर, खाली, वर, वर, वर, खाली, वर. त्याने दहाही बोटे भिंतीवर ठेवली आणि प्रत्येक शब्दागणिक एकेक दाबत किंवा उचलत गेला.

"पुढची ओळ?"

मी पुढची सांगितली. कागद बंबात घालायचे राहिले.

ता. १४ सप्टेंबर

आता रोज शाळा सुटली की नासीरभाईकडे जातो, चार ते साडेपाच. तो खड्ड्यात बसतो, मी रहिमाबीच्या पाटावर. त्याने अर्जभर, म्हणजे कापडाच्या पूर्ण रुंदीत, ताण्याच्या दहा-दहा जुड्या बांधल्या आहेत. मी ओळ वाचतो, तो बोटांनी जुड्या उचलतो, लाल सुताचा धोटा घालतो. एक ओळ जाड दिसावी म्हणून चारदा विणतो. मग दुपटीची ओळ, मग तिपटीची. दहा ओळी झाल्या की पट्टी पुरी.

मी एका पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत दहाही ओळी लिहून नेल्या होत्या, मी नसताना सोय व्हावी म्हणून. त्याने पुठ्ठा हातात घेतला, आदबीने कपाळाला लावला आणि कोनाड्यात पालथा ठेवून दिला. "तुमच्या तोंडून बरं वाटतं," म्हणाला.

मला थोडे लागले. त्या अक्षरांवर तास घालवला होता.

घरी येऊन कमलला सांगितले. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "तो मानूस तुमना आवाज ऐकीसन वयखस. तोंड दखीसन नही."

मी म्हटले, सव्वीस वर्षे वर्गात ओरडतोय, आवाज ओळखणारच सगळे. ती हसलीही नाही. भाकरी उलटली.

ता. २ ऑक्टोबर

शाळेत तपासणी. साहेबांनी विचारले, काही संशोधन वगैरे करता म्हणे? हेडमास्तर माझ्याआधी म्हणाले, करत होते.

नासीरभाईकडे पाच ओळी झाल्या होत्या, माझा गुडघा धरल्यामुळे गेले तीन दिवस गेलो नाही. आज गेलो तर सहावी आणि सातवी विणून तयार. तपासल्या. बरोबर! म्हटले, कोणी वाचून दिले?

"कोनी नाही. माळ तीच आहे, फक्त सुरुवात सरकते. कुठून सुरू करायची तेवढं तुम्ही त्या दिवशी बोलला होता."

मी शिकवलेल्या किती मुलांच्या हे ध्यानात आले असते, ते लिहीत नाही.

ता. ११ ऑक्टोबर, रविवार

आज जे झाले ते सावकाश लिहितो.

पट्टी काल पुरी झाली. नासीरभाईने कापड सैल करून मांडीवर ओढले, एक हात वर आणि एक हात खाली घालून ते दोन तळव्यांत धरले. लाल सूत जाड, पांढरे बारीक. बोटाला फरक कळतो. तो बराच वेळ बोटे फिरवत होता. मग म्हणाला, "मास्तर, ह्याची पाठ कुठं गेली?"

मला कळेना.

"पाठीमागं उलटं पाहिजे ना? वर पांढरं तर खाली लाल. पण माझी बोटं सांगतात, पाठीवरपन तीच नक्षी आहे. खालून वर वाचा. ही बघा, शेवटच्या ओळीची पाठ. खाली, खाली, खाली, वर, खाली, वर, वर, वर, खाली, वर. ही तर पहिली ओळ!"

मी कापड हातात घेतले. वरची कड खाली करून पालथे टाकले. हुबेहूब तीच पट्टी. पुन्हा पालथे केले. तीच. पाचसहा वेळा केले. सुलट कुठली आणि उलट कुठली, मला सांगता येईना.

का होते हे घरी येईपर्यंत कळले होते. अकरा त्र्याण्णव एक हजार तेवीस, आणि एक हजार तेवीस म्हणजे दोनच्या पायावर सलग दहा एक. पहिली ओळ आणि दहावी मिळून अकरा पट. दुसरी आणि नववी मिळूनही. तिसरी आणि आठवी, सगळ्याच जोड्या. एकीत जिथे एक तिथे दुसरीत शून्य. म्हणजे दहावीची पाठ ती पहिली, नववीची पाठ ती दुसरी, अशी सगळी पट्टी स्वतःचीच पाठ आहे. हे सारे माझ्या अठरा कागदांत होते. सातव्या कागदावर ते समीकरण आहेच. पण ते पालथे करून बघायचे मला सुचले नाही.

नासीरभाईला समजावून सांगितले. त्याने नीट ऐकून घेतले. मग एकच विचारले, "म्हणजे दुसऱ्या टोकाला बाजू चुकली तरी?"

"चुकताच येत नाही," मी म्हटले.

त्याने डोळे पुसले. मला वाटले, रहिमाबीची आठवण आली.

ता. २१ ऑक्टोबर

कसे लिहू.

आज पोचायला मला उशीर झाला. नासीरभाईने दुसऱ्या टोकाची पट्टी सुरू केली होती, तीन ओळी झाल्या होत्या, अचूक. फक्त त्या हिरव्या होत्या.

मी सहज म्हटले, "नासीरभाई, हिरवा का घेतलात? या टोकाला रंग बदलायचा का?"

त्याचा हात धोट्यावर थांबला. मग त्याने तोंड माझ्या दिशेने केले, पण नजर माझ्या खांद्याच्या बाजूला गेली, आणि ती तिथेच राहिली. तेव्हा मला कळले. एवढा जवळ बसून, रोज दीड तास, सव्वा महिना.

"किती दिवस?" मी विचारले.

"दोन वर्षं होत आली. उजेड कळतो. तुम्ही दारात आलात की अंधार होतो, तेवढं कळतं. रहिमा रंग काढून हातात द्यायची. नक्षी बोलायची, मी विणायचो. गल्लीला वाटायचं बाई बडबडी आहे."

तिच्या पाटावर मी बसलो होतो.

"गनीला सांगू नका मास्तर. त्याला कळलं तर तो मला उचलून नेईल. माग विकेल. पोरगा वाईट नाही, चांगला आहे म्हणूनच नेईल. मी त्या खोलीत भिंतीला टेकून बसेन आणि सून ताट पुढं सरकवेल. किती वर्षं?"

मी शब्द दिला. मग दोघांनी मिळून हिरवे सूत उसवले. उसवायला विणण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

कमलला सांगितले. म्हणाली, "माले ते श्रावणमाच समजनं व्हतं. तुमले सांगंबी व्हतं."

सांगितले होते. मागची पाने चाळून पाहिली, मीच लिहून ठेवले आहे.

ता. ८ नोव्हेंबर, रविवार

चादर पुरी झाली. कमलने धुऊन, वाळवून घडी घातली. दिवाळीच्या सुटीत मी जळगावला जाणार आहे, तेव्हा मोतीलालला दाखवीन. मला व्यापारातले काही कळत नाही. पण न्यायला दुसरे कोण आहे?

फार दमलो आहे. सूत दुसऱ्याने विणले, मी नुसते वाचले, तरी खांदे भरून आले आहेत.

ता. १९ नोव्हेंबर, जळगाव

चाळीसगावला गाडी बदलून काल आलो. धर्मशाळेत उतरलो आहे.

मोतीलाल शांत माणूस निघाला. चादर गादीवर पसरून आधी चूक शोधू लागला. एक टोक पाहिले, दुसरे पाहिले, पालथी केली, पुन्हा पालथी केली. मग चष्मा काढून म्हणाला, "मास्तर, सुलटी बाजू कोणती?"

"दोन्ही."

"असं नसतं."

"बघा ना."

त्याने दिवाणजीला बोलावले. दोघांनी मिळून ती पाच मिनिटे उलटसुलट केली. शेवटी मोतीलाल म्हणाला, "नासीर म्हातारा संपला असं समजत होतो मी. याच विणीच्या आणखी आणा म्हणावं, विणतील तेवढ्या." मला पुष्कळ बोलायचे होते, त्र्याण्णवबद्दल, अकराबद्दल, पण त्याच्या तोंडाकडे बघून गप्प बसलो. त्याला ते लागत नव्हते.

दुकानाच्या पायऱ्या उतरतो तो समोर गनी. मी येणार हे बापाने कोणाकडून तरी कळवले होते. पाळी संपवून तसाच आला होता, केसांत कापूस. मी चहा घेऊ म्हटले, तर म्हणाला, रोजे सुरू आहेत, तुम्ही घ्या. मग मीही घेतला नाही. दोघे रस्त्याच्या कडेला लिंबाखाली उभे राहिलो.

त्याने सरळच विचारले. "मास्तर, तुम्ही रोज जाता. खरं सांगा. अब्बांना दिसतं ना?"

मी आयुष्यात वर्गात कधी खोटे बोललो नाही. येत नसेल ते येत नाही म्हणून सांगितले. आणि इकडे मी शब्द दिलेला. तोंडातून निघाले, "चादर आत आहे. मोतीलालला एक चूक सापडली नाही. जाऊन बघ."

"चादरीचं नाही विचारत."

तो खाली बघत होता. मग हळू आवाजात म्हणाला, "अम्मा गेली त्या दिवशी मी त्यांच्यापुढं पाण्याचा कटोरा धरला. त्यांचा हात कटोऱ्याच्या बाजूनं गेला. दोनदा गेला. मी कटोरा सरकवून त्यांच्या हाताखाली नेला. मला तेव्हाच कळलं, मास्तर. मला फक्त एवढं बघायचं होतं की तुम्हाला कळलंय का. कळलं असेल तर मी त्यांना तिथं ठेवू शकतो. नसेल तर नाही."

मी म्हटले, "कळलंय."

"कधी?"

खरे सांगितले. "फार उशिरा. तुझ्या कमलकाकूला आधी कळलं."

तो पहिल्यांदा हसला. म्हणाला, मागाला एक गिऱ्हाईक बघून ठेवले होते, त्याला आता नाही म्हणून सांगतो. आणि जाता जाता माझा हात धरला. "मला ठाऊक आहे हे अब्बांना सांगू नका. लपलंय असं वाटू द्या त्यांना. तेवढंच राहिलंय त्यांच्याकडं."

म्हणजे बापाचे गुपित मुलापासून आणि मुलाचे बापापासून, दोन्ही माझ्याकडे. धर्मशाळेच्या ओट्यावर बसून हे लिहितो आहे. पाय सुजले आहेत. उद्या सकाळची गाडी.

ता. २४ नोव्हेंबर, धुळे

शाळा सुरू. पाढे.

ता. १७ डिसेंबर

ईदला गनी आला होता, काल गेला. तीन दिवस बापाच्या हातात ताट देताना, पायताण पुढे ठेवताना, रस्त्यात दगड असला की स्वतःच अडखळल्यासारखे करून "अरे, दगड आहे" म्हणताना मी त्याला पाहिले. नासीरभाई मला हळूच म्हणाला, "बघा, पोराला काही समजलं नाही."

मी म्हटले, "नाही समजलं."

ता. २० डिसेंबर, रविवार

चौथी चादर मागावर आहे. नासीरभाईला आता माझ्या वाचण्याची गरज नाही. उलट मी चुकलो तर तो थांबवतो. तरी जातो. घरी बसून काय करायचे?

आज तो म्हणाला, "मास्तर, अकराचं झालं. दुसऱ्या कुठल्या आकड्याचं असं निघतं का? गिऱ्हाईक एकच नक्षी किती दिवस घेईल?"

मला थकवा होता, उद्या बघू म्हणणार होतो. पण खडू खिशात होता. मागाच्या कडेच्या फरशीवर मांडणी केली. सात घेतला, तीन अंकांतच माळ संपली, उपयोग नाही. तेरा घेतला. एकाला तेराने भागत गेलो, दोनच्या पायावर, अकराने भागताना त्र्याण्णवची माळ निघते तसा. माळ लांबत गेली आणि बाराव्या स्थानाला मिटली. ०००१००१११०११. दहाच्या पायावर तीनशे पंधरा. मधोमध तोडली: ०००१००, १११०११. जिथे शून्य तिथे एक.

हे माझ्या अठरा कागदांत नव्हते. शंभर वर्षांपूर्वी कोणी मांडले असेलही.

"निघतं," मी म्हटले. "तेराचं निघतं."

"किती जुड्या?"

"बारा."

त्याने मागावरचे कापड चाचपले, किती उरले आहे ते बोटांनी मोजले. "हे चार दिवसांत उतरतं. मग बारा बांधू." आणि हात पुढे केला. "सांगा पहिली ओळ. आत्ताच पाठ करून टाकतो."

मी फरशीवर वाकून वाचायला लागलो. खाली, खाली, खाली, वर.